बारी चालू असताना उठू नये

आमच्या घरात दोन पक्ष आहेत. आई सोमाबुवांची आणि मी रेवंडकरबुवांचा. बाबा अपक्ष होते. ते गेल्यापासून घरात मध्यस्थ उरलेला नाही.

डबलबारी म्हणजे काय हे तळकोकणाबाहेर सांगावं लागतं, म्हणून सांगतो. दोन भजनी बुवा, दोन मंडळं, समोरासमोर. एक बुवा गातो तेव्हा दुसरा ऐकून घेतो आणि आपली पाळी, म्हणजे बारी, आली की गाण्यातूनच त्याची खोड काढतो. देवाचं नाव दोघेही घेतात, पण देव मध्ये पडत नाही. ज्याचा गजर चढला तो जिंकला. निकाल पंच देत नाहीत, चाहते देतात. आणि चाहत्यांचा कायदा एकच: आपल्या बुवाची बारी चालू असताना आपला माणूस उठत नाही. उठला तर समोरची बाजू ओरडते, "गळलो रे गळलो!" मग त्या माणसाला पुढची काही वर्षं गावात चहा मिळत नाही. एका सामन्यात देवगडच्या एका गृहस्थांच्या मांडीवर साप येऊन बसला होता. ते उठले नाहीत. शेवटी सापच उठून गेला.

आईची भक्ती या दर्जाची आहे. सोमाबुवांना सर्दी झाली की आमच्या घरी काढा होतो. तो आईच पिते. माझ्यासाठी आलेलं एक स्थळ तिने परत पाठवलं, कारण मुलीचे वडील रेवंडकरवाले निघाले. मुलगी मला आवडली होती. वडील तर त्याहून जास्त आवडले होते.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं, पण बाबा गेले त्यानंतरचे महिने मी पाहिले आहेत. आई झोपायची नाही. भिंतीला टेकून बसायची, डोळे उघडे. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. मग कुणीतरी तिला सोमाबुवांच्या सामन्याला नेलं आणि ती बुवांच्या अभंगात बसल्या जागी झोपली. शेजारणीने हलवून उठवलं तर म्हणाली, "उठवलंस कित्याक? कोणतरी माझ्यासाठी जागो आसा." तेव्हापासून मी सोमाबुवांविरुद्ध फक्त गाण्यापुरतं बोलतो.

आता यंत्राबद्दल.

अनेक माणसं एकत्र बसून एकच गाणं ऐकतात तेव्हा त्यांचे श्वास आणि हृदयाचे ठोके हळूहळू एकमेकांकडे सरकतात. हे जुनंच निरीक्षण आहे. पण ते सरकणं कच्चं असतं. कुणी खोकला की मोडतं. 'समस्पंद' नावाच्या पुण्याच्या कंपनीने ते पक्कं करून दिलं. कानाखाली, मानेवर चिकटवायची एक चकती. तिथून मेंदूची एक मोठी नस हृदयाकडे उतरते. चकती आपला ठोका मोजते, बुवांचा ठोका रेडिओलहरींवर ऐकते आणि नसेला अगदी हलका विजेचा इशारा देऊन आपला ठोका बुवांच्या ठोक्यावर आणून बसवते. बुवा तानेसाठी छाती भरतात तेव्हा आपलीही भरते. लोक त्या चकतीला टिकली म्हणतात. आई पहिल्यांदा टिकली लावून आली तेव्हा पायरीवरच थांबून म्हणाली, "झिला, आज मी गायलंय."

मी टिकली लावत नाही. मला गुदगुल्या होतात.

इथवर ठीक होतं. मग सोमाबुवांना चौऱ्याहत्तराव्या वर्षी पेसमेकर बसला आणि डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं. चाहत्यांचं एक शिष्टमंडळ तातडीने पुण्याला गेलं. आई चाहतामंडळाची उपाध्यक्षा. त्यांची मागणी साधी होती: बुवांचं हृदय थकलं असेल तर आमची घ्या. कंपनीतल्या तरुण इंजिनिअरांना वाटलं हा भावनेचा उद्गार आहे. आई म्हणाली, "भावना नाय. तांत्रिक प्रश्न आसा." खरोखरच तो निघाला. टिकल्या चाहत्यांचे ठोके मोजतच होत्या. त्यांची सरासरी काढून बुवांच्या पेसमेकरला पुरवायची, एवढंच बाकी होतं. म्हणजे चाहत्यांची हृदयं बुवांच्या मागे आणि बुवांचं हृदय चाहत्यांच्या मागे. बुवा पुन्हा गायला लागले. आवाज दहा वर्षांनी तरुण झाला. आई बाजारात ताठ चालायला लागली. मच्छी घेताना म्हणायची, "बुवा माझ्यावर चलतत."

दोन वर्षं असं चाललं.

तो सामना कणकवलीच्या पुढच्या माळावर होता. दुपारी चार वाजता, कारण बुवांना जागरण मना. मंडपात उजवीकडे आम्ही रेवंडकरवाले, डावीकडे ते, आणि त्यांच्या पहिल्या रांगेत आई, केसात अबोलीचा वळेसर माळून. माझ्याकडे बघायचं नाही असा तिचा सामन्यातला नियम होता. मी हात केला. तिने नियम पाळला.

रेवंडकरबुवांची बारी झाली. उत्तम झाली, मी तटस्थपणे सांगतो. मग सोमाबुवांनी हार्मोनियम पुढे ओढली. रूपाचा अभंग, बाकीचे अभंग, सगळं जागच्या जागी. मग गजर.

गजर चढतो. त्याचं कामच ते. संथ सुरू होतो आणि शेवटी मृदुंगवाल्याची बोटं दिसेनाशी होतात. हा गजर चढेना. आधी वाटलं बुवा दम घेतायत. मग लक्षात आलं, तो उतरतोय. प्रत्येक आवर्तन मागच्यापेक्षा किंचित लांब. पांडूकाका मेस्त, ज्यांच्या मृदुंगावर लोक घड्याळं लावत, ते डोळे मिटून त्याच उतरत्या लयीत थाप देत होते. आणि डावी बाजू खूश होती.

"विलंबित गजर!" कुणीतरी हुंदका देऊन म्हणालं. "नवी चाल काढल्यान बुवान!"

टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मला आवडल्या नाहीत. एवढी माणसं टाळ्या देतात तेव्हा पाऊस पडल्यासारखं वाटतं. ही एकच टाळी होती. मग थांबली. मग पुन्हा एक.

मी त्या बाजूच्या पाठी पाहिल्या. शेकडो पाठी एकदम फुगत होत्या आणि एकदम उतरत होत्या, मंडपाखाली एकच मोठं जनावर झोपल्यासारखं. फुगण्या-उतरण्याच्या मधली जागा वाढत चालली होती. आईचा वळेसर मी नजरेने धरून ठेवला. तो वर आला. खाली गेला. मग मी वाट पाहिली. बरीच पाहिली. मग तो वर आला.

मी वाकून, लोकांच्या पायांवर पाय देत तिच्यापर्यंत गेलो.

"आये, ऊठ."

तिने मान वळवली. फार हळू वळवली. ओठ राखाडी पडले होते, चेहऱ्यावर मात्र अपार समाधान होतं. "रेवंडकरान धाडल्यान तुका?"

"कोणी नाय धाडल्यान. तुझो ठोको बघ. बुवाची लय पडता हा. ऊठ आणि टिकली काढ."

"बारी चालू आसा."

"तू मरशीत गे!"

"मग बारी झाल्यावर मरान," ती म्हणाली. आणि शेजारणीला, दोन शब्दांच्या मध्ये श्वास घेत, "माझो झील. तेंच्यातलो. आमका उठवूक इलो."

शेजारणीने माझ्याकडे दयेने पाहिलं. मागून आवाज आला, "हाकला रे तेका!" दोघांनी मला धरलं. ती दोघंही एकाच क्षणी अर्धवट उठली, एकाच क्षणी थकली आणि मला धरूनच खाली बसली.

तेवढ्यात मागच्या रांगेतले भिकाजी परब उठले. ते वयस्कर होते आणि निसर्गापुढे कायदा चालत नाही. आमची बाजू आनंदाने ओरडली, "गळलो!" भिकाजी मान खाली घालून मंडपाच्या कडेला गेले, चोरट्यासारखी टिकली काढून खिशात टाकली, दोन पावलं चालले आणि सरळ पुढे पडले. हात पुढे न करता. काठी पडते तसे.

डावी बाजू म्हणाली, रेवंडकरवाल्यांनी पाय घातला.

मंडपामागच्या तंबूतून कंपनीची इंजिनिअर धावत आली. मैत्रेयी नाव तिचं, प्रत्येक सामन्याला पुण्याहून येते, आणि आजवर तिला मी फक्त सोलकढी पिताना पाहिलं होतं. तिने आणि रुग्णवाहिकेच्या डॉक्टरने भिकाजींच्या छातीवर दाब दिले. ते खोकले. श्वास आला. तिने त्यांच्या खिशातली टिकली काढून पाहिली आणि तिथेच मातीत बसली.

मी हात सोडवून तिच्यापाशी पोचलो होतो. "काय चाललंय?" मी विचारलं.

"तुम्ही भजनातले आहात ना? कोरस बुवांच्या मागे जातो. बुवा कोरसच्या मागे गेले तर?"

"लय पडते. सगळे एकमेकांची वाट बघत बसतात."

"मग लय कोण धरतं?"

"मृदुंगवाला."

"हेच. ठोका मोजायला, सरासरी काढायला, परत पाठवायला, प्रत्येक वेळी केसाएवढा उशीर होतो. तो साठत जातो. दोन वर्षं हे चाललं कारण पांडूकाका या साखळीच्या बाहेर होते. त्यांची थाप बुवांना वर खेचायची, बुवा बाकीच्यांना." तिने मंचाकडे बोट केलं. पांडूकाकांच्या कानाखाली काहीतरी चमकत होतं. "आज त्यांनाही टिकली लावलीय. मला विचारलंसुद्धा नाही. म्हणे बुवांचा पहिला चाहता मृदुंगवाला, त्यालाच नाही म्हणजे काय. मंडळाचा ठराव झाला."

"कुणी मांडला?"

"उपाध्यक्षांनी."

मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. वळेसर वर यायची वेळ होऊन गेली होती.

"बंद करा ना मग सगळं!"

"एकदम बंद केलं तर सगळ्यांचं भिकाजींसारखं होईल. एवढ्या खाली आलेलं हृदय एकदम सोडलं की त्याला सुचतच नाही पुढे काय करायचं. आधी वर आणायचं, सत्तरच्या आसपास. तिथे धरायचं. मग मी एकेकाला हळूहळू सोडवीन. आत्ता बत्तीस आहे."

"यंत्राचा ठोका द्या."

"पुण्यात देऊन पाहिला. जिवंत ठोका कधीच अगदी सारखा नसतो, यंत्राचा असतो. नस त्याला ओळखते आणि ऐकत नाही. माणूस लागेल. साखळीच्या बाहेरचा. त्याचा ठोका सगळ्यांना जाईल, त्याला कुणाचा येणार नाही. सगळ्यांची सरासरी त्या ठोक्याला खाली ओढेल, म्हणून त्याचं हृदय जोरात पळणारं हवं."

एव्हाना रेवंडकरबुवा मंचावरून उतरून आले होते. सगळं ऐकून त्यांनी शालीतून मनगट पुढे केलं. "माझा घ्या." माझा ऊर भरून आला. मैत्रेयीने नाडी पाहिली. "अठ्ठावन्न." बुवा रोज योगासनं करतात. त्यांनी हात मागे घेतला आणि शालीत लपवला. एवढे शरमलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. मग म्हणाले, "तरी निकालाचं काय? त्यांची माणसं माझ्या हृदयावर चालली असती तर गजर कुणाचा धरला असता?"

यावर आयोजकांत दोन मतं पडली. चर्चा सुरू झाली. खरोखर सुरू झाली.

मैत्रेयीने तेवढ्यात माझं मनगट धरलं होतं. "एकशे बेचाळीस," ती म्हणाली. "बसल्या जागी? तुम्हाला काही आजार आहे?"

"माझी आई तिथे आहे."

"कुठली?"

"ठराव मांडणारी."

तिने खिशातून टिकली काढली, तिच्यावर काहीतरी दाबलं आणि माझ्या कानाखाली लावली. भयंकर गुदगुल्या झाल्या. "तिच्या शेजारी जाऊन बसा. तिच्याकडे बघत राहा. आणि घाबरलेले राहा. मी सांगेपर्यंत शांत व्हायचं नाही. कळलं? तुम्ही शांत झालात की हे सगळे..." तिने वाक्य अर्धं सोडलं. मैत्रेयी फार सभ्य मुलगी आहे.

मी सोमाबुवांची टिकली लावून डाव्या बाजूला चालत गेलो. माझ्या बाजूच्या लोकांचे चेहरे मी पाहिले नाहीत. आवाज ऐकले. त्यात माझ्या शाळेच्या वर्गमित्राचाही होता. त्याने वापरलेला शब्द मी इथे लिहीत नाही.

आईच्या शेजारणीला सरकवून मी बसलो. आईचा हात हातात घेतला. गार होता. नाडी लागेना. मग लागली, एक. मी पुढच्या ठोक्याची वाट पाहू लागलो आणि माझ्या छातीत जे चाललं होतं ते मला दातांत ऐकू येत होतं.

मंचावर पांडूकाकांच्या भुवया हलल्या. थाप किंचित लवकर पडली. मग आणखी लवकर. आजूबाजूच्या छात्यांनी एक उथळ श्वास घेतला, मग दुसरा. सोमाबुवांनी डोळे उघडले, खूप लांबून परत आल्यासारखे, आणि गजर चढायला लागला. चाळीस, पन्नास, मैत्रेयी तंबूच्या तोंडाशी उभी राहून बोटांनी दाखवत होती. लोक रडत होते. बुवांनी विलंबितातून गजर उचलला होता! असा गजर कोकणात झाला नव्हता! शेवटी मैत्रेयीने सात बोटं दाखवली, मग तळहात आडवा धरला: इथेच धरा.

आईच्या ओठांवर रंग आला. तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या कानाखालच्या टिकलीकडे. आणि तिचा चेहरा असा झाला, जसा मी दहावी पास झालो तेव्हाही झाला नव्हता.

"इलंस?" ती म्हणाली. "आपल्यात इलंस?"

"इलंय."

"माका म्हायत होता. तुझ्या बापाशीक सांगलेलंय, झील येतलो म्हणान." तिने डोळे पुसले. "कापतंस कित्याक असो? भियाव नको. मी आसंय मा."

आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

लहानपणी ताप आला की ती असाच हात ठेवायची, खांद्यांच्या मधोमध, आणि गोल फिरवायची. त्या हातापुढे माझं काही चालत नाही. तो आजही गोल फिरायला लागला. माझे खांदे उतरले. छातीतला आवाज दूर गेला. मला बरं वाटायला लागलं. तेवढ्यात मृदुंगाची एक थाप उशिरा पडली.

मी तंबूकडे पाहिलं. मैत्रेयी दोन्ही हातांनी वर, वर, वर करत होती.

"आये, हात काढ."

"गप रव. किती घाम इलो हा बघ." हात फिरतच राहिला. "बुवाचो आवाज ऐक. सगळां बरां होता."

हात झटकला असता तर तिला संशय आला असता. खरं सांगितलं असतं तर रेवंडकराची खेळी म्हणाली असती आणि माझी टिकली उपटून माझ्याच अंगावर टाकली असती. म्हणून मी तिथेच बसलो, तिचा ऊबदार हात पाठीवर घेऊन, आणि ती मेली आहे असं समजायला लागलो.

आधी वरवर समजलो. तेवढ्याने भागलं नाही; ठोका खाली जातच होता. मग नीट समजलो. ओटीवर चटई. तिची मोरपंखी नऊवारी, जी ती सामन्यांनाच नेसते. कुणाकुणाला फोन करायचा. मामाला काय सांगायचं, कुठल्या शब्दात. तिच्या चष्म्याचं काय करायचं. फ्रीजमधली तिने केलेली आमटी, ती खायची की टाकायची. ठोका वर आला. मैत्रेयीने मान हलवली. हाताने पुन्हा गोल घेतला आणि मी तिला पुन्हा मारली, या वेळी दवाखान्यात, मी पोचायच्या आधी. मग विहिरीवर. मग झोपेत. मग माझ्याशी भांडून. ती माझ्या कानाशी गजराची ओळ गुणगुणत होती, श्वासाला कुळथाचा वास येत होता, आणि मी तिच्या डोळ्यांत बघत तिला अग्नी देत होतो. एक मरण जुनं झालं की चालेनासं होतं. नवं शोधावं लागायचं.

मागच्या रांगेपासून एकेकाची टिकली साखळीतून सुटत गेली. लोकांना कळलंही नाही. सर्वांत शेवटी पहिली रांग, मग पांडूकाका. बुवांच्या पेसमेकरला मैत्रेयीने त्याच्या जुन्या, संथ, घरी बसण्याच्या लयीवर सोडलं. बारी संपली. रेवंडकरबुवांनी स्वतः उठून सोमाबुवांना नमस्कार केला. आईने माझी टिकली स्वतःच्या नखाने काढली आणि कुंकवाच्या करंड्यात ठेवायची म्हणून रुमालात बांधली.

"कसो झालो गजर?" तिने विचारलं.

"बरो झालो," मी म्हणालो. ती बोलतेय याचं मला आश्चर्य वाटत होतं. अजून वाटतं. सकाळी ती चहा घेऊन येते तेव्हा मी आधी दचकतो.

चार दिवसांनी सोमाबुवांचं मंडळ घरी आलं. शाल, नारळ, पेढे. मैत्रेयीही होती, मागे, चपला न काढता दारातच. माझा ठोका मोजायला म्हणून तिने त्या दिवशी बांधलेला पट्टा अजून माझ्या हातात होता. तिने टॅब्लेट उघडून तो वाचायला सुरुवात केली. अध्यक्ष म्हणाले, तांत्रिक अडचण दूर झाली आहे. बुवांचं हृदय आता चाहत्यांशिवाय मंचावर टिकत नाही, आणि साखळीला कुणीतरी पुढे लागतो. पांडूकाकांना टिकली काढायला सांगितली तर त्यांनी मृदुंग खाली ठेवला. तेव्हा या मोसमाचे सगळे सामने सर्वेशने, म्हणजे मी, करावेत. जेवण, गाडी मंडळाची.

"आणि मी नाही आलो तर?" मी मैत्रेयीला विचारलं.

"मी लेखी विरोध केलाय," ती म्हणाली. "पण सामने ठरलेत. चाहते बसणार म्हणतात. तुम्ही असा किंवा नसा."

"आये, तू नाय जाणार."

"मी नाय तर कोण जातला?" आई पेढ्यांचा डबा घेऊन माजघरातून आली. तिचा चेहरा उजळला होता. "मी तेंका हो म्हणान सांगलंय. तुझा पण आणि माझा पण. पयले रांगेत, शेजारी शेजारी. तुका बघून मी, माका बघून तू."

तिने एक पेढा माझ्या तोंडात घातला. मी तिच्या चष्म्याकडे बघत राहिलो.

मैत्रेयी टॅब्लेटवर माझा ठोका बघत होती. तिचा चेहरा पडला होता, पण मान आपोआप हलली, काम जमलेल्या माणसाची हलते तशी.

"बरोबर," ती हळूच म्हणाली. "असंच ठेवा."